ब्लॉग आणि विकी : पोरांना दुसरी भाषा लिहायला शिकवताना काय कामाचं, काय नाही

अमरावती/अकोला : मेळघाटातल्या धारणी, चिखलदरा तालुक्यांत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट, तेल्हाऱ्याच्या काही गावांत पोरगं जन्मापासून घरात कोरकू ऐकते. शाळेत पाय ठेवला की पुस्तक मराठीचे, आणि त्याच वर्गात इंग्रजीही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून सुरू आहे. अकोला, बाळापूर, अचलपूरच्या उर्दू शाळांत शिकणाऱ्या पोरांचीही घरची भाषा वेगळी, मराठी वेगळी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे त्यांनाही मराठी लिहिणे आलेच पाहिजे.

ही पोरं मराठी बोलायला लवकर शिकतात. बाजारात, एसटीत, मोबाईलवर भाषा कानावर पडते. लिहिण्याचे मात्र तसे होत नाही. निबंध गाईडातून उतरवला, पत्र फळ्यावरून उतरवले, की परीक्षा निघून जाते. पुढे पीक विम्याची तक्रार, वनहक्काचा दावा, तहसीलचा अर्ज, भरतीचा पेपर आला की गाईड कामी येत नाही. मग दहावी-बारावी झालेला माणूसही अर्ज लिहून द्यायला दुसऱ्याला पैसे देतो. आपलं म्हणणं आपल्याच हातानं कागदावर मांडता येत नाही, हे नुकसान मोठे आहे.

यावर उपाय म्हणून जगभरात भाषेचे शिक्षक ब्लॉग आणि विकी ही दोन साधने वापरतात. दोन्ही फुकट आहेत, मोबाईलवर चालतात आणि देवनागरीत लिहिता येतात. पण ती नीट वापरली तरच फायदा होतो. नाहीतर गाईडाची जागा इंटरनेट घेते, एवढाच फरक.

ब्लॉग म्हणजे काय, विकी म्हणजे काय

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही. एक जण किंवा एक वर्ग लिहितो, नवे लिखाण वर येते, जुने खाली जाते. मराठीत त्याला अनुदिनी असेही म्हणतात. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली, २००३ साली गुगलने घेतली. राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शिक्षकांनी तिच्यावर आपले ब्लॉग काढले. मात्र त्यातले बरेचसे शासन निर्णय, प्रश्नपत्रिका आणि परिपाठ देण्यासाठी आहेत. पोरांनी स्वतः लिहिलेले त्यात कमी दिसते.

विकी म्हणजे असे पान, जे अनेक जण मिळून लिहितात आणि एकमेकांचे दुरुस्त करतात. पहिला विकी अमेरिकेच्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केला. ‘विकी’ हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘झटपट’. सगळ्यात मोठा विकी म्हणजे विकिपीडिया. तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी.

थोडक्यात फरक असा : ब्लॉगवर लिहिणाऱ्याला वाचणारा मिळतो. विकीवर लिहिणाऱ्याला दुरुस्त करणारा मिळतो. लिहायला शिकणाऱ्याला दोघेही लागतात.

दुसरी भाषा लिहिताना नेमके कुठे अडते

कोरकू ही मराठी, हिंदीच्या घराण्यातली भाषा नाही. ती मुंडा गटातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाली, मुंडारी भाषांची नातलग. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते, त्यातले बरेच मध्य प्रदेशात. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलते. कोरकूत मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. उलट कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने आहेत, मराठीत दोनच. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा ‘कू’ लागून ‘कोरकू’, म्हणजे माणसे.

म्हणून कोरकू पोरगं ‘आमची म्हैस हरवला’ असे लिहिते, तेव्हा ते ढ नसते. म्हैस बाईमाणसासारखी का धरायची, हे त्याच्या भाषेने त्याला कधी सांगितलेले नसते. अशी चूक लाल पेनाने एकदा गोल केल्याने जात नाही. तेच वाक्य पोराने स्वतः चार वेळा बदलून लिहिले, तेव्हा हळूहळू जाते.

वऱ्हाडी घरातल्या पोराची अडचण वेगळी. त्याची भाषा मराठीच, पण पुस्तकातली नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येऊन राहिला’, ‘डोया’, ‘पानी’ हे सगळे बोलताना बरोबर. पेपरात लिहिले की मार्क कटतात. ‘मी वावरात जाऊन राहिलो होतो तं पानी आला’ हे वाक्य पुस्तकी मराठीत ‘मी शेतात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ असे होते. पहिले वाक्य चुकीचे नाही. ते बोलायच्या जागेचे आहे. कोणत्या जागी कोणती भाषा लिहायची, एवढेच शिकवायचे असते. त्यासाठी घरच्या बोलीला हसायची गरज नाही.

ब्लॉग कशासाठी वापरावा

वर्गातला निबंध फक्त मास्तर वाचतात, तेही चुका शोधायला. ब्लॉगवर लिहिलेले मायबाप, काका, पुण्याला कामाला गेलेला भाऊ वाचतो. वाचणारा खरा आहे म्हटल्यावर पोरगं ‘माझा आवडता प्राणी’ लिहित नाही, आपल्या गोठ्यातल्या बैलाबद्दल लिहिते.

ब्लॉगसाठी विषय जवळचेच घ्यावेत. शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर ते अचलपूर प्रवास केलेले म्हातारे अजून गावोगावी आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे का, आणि घरात प्यायचे पाणी कुठून येते, हे तिथल्या पोराइतके कोणाला माहीत? मेळघाटात होळीचा बाजार, मोहफूल वेचणे, व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोटकडे आलेल्या गावांची गोष्ट, संत्र्याचा बहार, कपाशीवरची बोंडअळी. माहिती पोराकडे आधीच असते, त्यामुळे त्याचे सगळे लक्ष भाषेकडे राहते. ज्या विषयाचे काहीच माहीत नाही त्यावर लिहायला लावले, की ते उतरवणारच.

ब्लॉगवर बोलीलाही जागा ठेवावी. आजीचे बोलणे अवतरण चिन्हांत जसेच्या तसे वऱ्हाडीत किंवा कोरकूत, आणि बाकीचे प्रमाण मराठीत. असे लिहिले की दोन भाषांतला फरक पोराला आपोआप दिसतो.

विकी कशासाठी वापरावा

विकीवर तीन सोयी आहेत, आणि शिकणाऱ्यासाठी तिन्ही मोलाच्या.

पहिली, ‘इतिहास’. पानावर जो बदल केला तो, कोणी केला, कधी केला, सगळे नोंदले जाते. ‘आमची म्हैस हरवला’ ते ‘आमची म्हैस हरवली’ ते ‘आमची म्हैस काल चराईहून परत आली नाही’ हा प्रवास एका खाली एक दिसतो. खोडरबराने पुसले की चूकही जाते आणि शिकलेलेही जाते. इथे दोन्ही राहते. शिक्षकाला पोराने कुठे मेहनत घेतली ते कळते.

दुसरी, ‘चर्चा’. प्रत्येक पानामागे चर्चेचे पान असते. ‘येथे हरवली का लिहिले?’ असे विचारता येते. दुरुस्ती करणाऱ्याने कारण लिहावे, हा नियम ठेवला तर दुरुस्त करणाराही शिकतो.

तिसरी, ‘धूळपाटी’. मराठी विकिपीडियावर सराव करायच्या पानाला हेच नाव आहे. पूर्वी पोरं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत, तशी ही जागा. इथे कितीही चुकले तरी चालते. गावातल्यासारखी तिथे ‘चावडी’ही आहे, जिथे जुने संपादक नव्यांच्या शंकांना उत्तरे देतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मेक्सिकोतल्या एका विद्यापीठात इंग्रजीचे शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी मिळून विकी लिहिला. ग्रेग केसलर यांनी त्याचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष छापले. विद्यार्थी एकमेकांचा मजकूर आणि अर्थ सुधारत होते, पण अर्थ समजतो म्हटल्यावर व्याकरणाच्या बऱ्याच चुका तशाच सोडून देत होते. म्हणजे विकी दिला आणि मास्तर मोकळे झाले, असे होत नाही. कोणत्या आठवड्यात काय तपासायचे हे शिक्षकानेच ठरवून द्यावे लागते : या आठवड्यात फक्त लिंग, पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ.

रिद्धपूरचा जुना दाखला

अनेकांनी मिळून मजकूर उभा करायची रीत अमरावती जिल्ह्याला नवी नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतल्या पहिल्या गद्य ग्रंथाचा मान त्याला दिला जातो. म्हाइंभटांनी एका जागी बसून तो रचला नाही. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. आठवणी वेगवेगळ्या निघाल्या तिथे पाठभेदही राहिले. विचारणे, लिहिणे, जाणत्याकडून तपासणे, पुन्हा लिहिणे हीच विकीची रीत. त्याच रिद्धपूरला आता शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ उभे झाले आहे.

पुण्यात २०११ ला काय झाले

विकीचा वापर कसा फसतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०११ च्या मध्यात विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम’ नावाने प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. कल्पना चांगली होती. पण विद्यार्थी मोठ्या संख्येने एकदम आले आणि विकिपीडियाची रीत जाणणारे मार्गदर्शक कमी पडले. बहुतेकांना इंग्रजी ही घरची भाषा नव्हती. अनेकांनी पुस्तकांतून, वेबसाईटवरून मजकूर उचलून तसाच टाकला. तो प्रताधिकाराचा भंग होता. जगभरचे स्वयंसेवक तो मजकूर शोधून काढत बसले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग थांबवावा लागला.

पोरं लबाड होती, एवढेच म्हणून हे प्रकरण संपवता येणार नाही. लहानपणापासून उतरवणे म्हणजेच लिहिणे असे शिकलेल्याला परक्या भाषेत, अनोळखी विषयावर, मार्कांसाठी लिहायला सांगितले तर तो उतरवणारच. मेळघाटातल्या आश्रमशाळेत असो की अकोल्याच्या कॉलेजात, ही सवय तीच आहे. साधन बदलल्याने ती जात नाही. काम देण्याची पद्धत बदलावी लागते.

याच धर्तीचा दुसरा प्रयोग २०१३ पासून बंगळुरूच्या ख्राईस्ट विद्यापीठात झाला. तिथे दुसरी भाषा म्हणून हिंदी, कन्नड, तमिळ, संस्कृत अशा भाषा घेतलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना त्या त्या भाषेच्या विकी प्रकल्पांवर लिहायचे काम दिले. महाराष्ट्रातही राज्य मराठी विकास संस्थेने मराठी विकिपीडिया लेखनाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

शाळेत सुरुवात कशी करावी

१. पाच-सहा पोरांचा एक गट करावा. प्रत्येक गटात मराठी बरी येणारा एक आणि गावची माहिती जास्त असणारा एक असला तर दोघांनाही काम उरते.

२. थेट विकिपीडियावर जाऊ नये. आधी गुगल डॉक्ससारख्या एकाच सामाईक फाईलवर लिहावे. तिथेही जुने बदल पाहायची सोय आहे आणि फाईल बाहेरच्यांना दिसत नाही.

३. पहिला मसुदा बोलून करावा. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर माईकचे चिन्ह असते. पोराने बोलावे, फोन लिहील. फोन वऱ्हाडी आणि कोरकू वळणाचे शब्द चुकवतो. त्या चुका शोधणे हाच पहिला धडा समजावा.

४. दुसऱ्या दिवशी गटातल्या दुसऱ्या पोराने वाचून न समजलेल्या जागी प्रश्न लिहावेत. उत्तर मूळ लिहिणाऱ्यानेच मजकुरात घालावे.

५. तिसऱ्या दिवशी शिक्षकाने दोनच प्रकारच्या चुका दाखवाव्यात. सगळ्या एकदम दाखवल्या की पोरगं पुढच्या वेळी लहान वाक्ये लिहून सुटका करून घेते.

६. तयार झालेला मजकूर शाळेच्या ब्लॉगवर टाकावा आणि लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यावी.

७. विकिपीडियावर मोठ्या वर्गातल्या, म्हणजे नववीच्या पुढच्या पोरांनीच जावे. तिथेही आधी धूळपाटी, मग असलेल्या लेखातले शुद्धलेखन सुधारणे, मग एखादा परिच्छेद घालणे, आणि सगळ्यात शेवटी नवा लेख.

गुण देताना शेवटच्या मजकुरापेक्षा पहिला आणि शेवटचा मसुदा यातल्या फरकाला जास्त गुण द्यावेत. उतरवलेल्या मजकुराला मसुदे नसतात, त्यामुळे उतरवण्यात फायदाच राहत नाही.

नेट नसेल तर

धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले, पण डोंगरातल्या कितीतरी गावांत आजही रेंज शोधत टेकडीवर जावे लागते. तिथे वहीवरही विकी चालतो. दोनशे पानी रजिस्टर घ्यावे. उजव्या पानावर मजकूर, डावे पान कोरे. दुरुस्ती डाव्या पानावर, वेगळ्या रंगाच्या पेनाने, नाव आणि तारीख टाकून. खोडायचे नाही, फक्त एक रेघ मारायची. महिन्याने रजिस्टर ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवावे, म्हणजे वाचणारेही मिळतात.

याच रजिस्टरात कोरकू-मराठी-इंग्रजी असा तीन रकान्यांचा शब्दसंग्रह करता येतो. घरचे जाणते शब्द सांगतील, पोरं लिहितील. कोरकूतले काही उच्चार देवनागरीत नेमके बसत नाहीत. त्यासाठी शाळेने लिहिण्याची एकच पद्धत ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

काय जपावे

पोरांचे पूर्ण नाव, फोटो, मोबाईल नंबर, घरचा पत्ता ब्लॉगवर टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. लेखाखाली पहिले नाव आणि इयत्ता पुरते. ब्लॉगवरचे अभिप्राय शिक्षकाने पाहिल्यावरच दिसतील, अशी सेटिंग ठेवावी. पोराच्या मराठीला कोणी हसले, की ते पुन्हा लिहित नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आजोबांनी सांगितलेली गावची गोष्ट विकिपीडियावर टाकता येते का?*
नाही. तिथे प्रत्येक माहितीला छापील किंवा विश्वासाचा संदर्भ लागतो. अशा गोष्टीची जागा ब्लॉग किंवा शाळेचे रजिस्टर. नरनाळा, गाविलगड, खारपाणपट्टा अशा विषयांवर मात्र पुस्तके आणि गॅझेटियर मिळतात, त्यावर लिहिता येते.

*दुसऱ्या वेबसाईटवरचा मजकूर शब्द बदलून टाकला तर?*
चालत नाही. वाचावे, मोबाईल बाजूला ठेवावा, आठवेल ते आपल्या वाक्यात लिहावे, मग आकडे आणि नावे तपासावीत.

*मोबाईलवरच्या एआय ॲपने निबंध लिहून दिला तर काय हरकत?*
तो निबंध ॲपचा झाला. ॲपला आपलेच वाक्य दाखवून ‘यात चूक काय’ असे विचारता येते. तेही उत्तर बरोबरच असेल असे नाही, शिक्षकांना विचारावे.

*व्हॉट्सॲप ग्रुपवरच लिहिले तर?*
ग्रुपवर मेसेज वर निघून जातात, जुना मसुदा सापडत नाही आणि दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. लिंक पाठवायला ग्रुप चांगला, लिहायला नाही.

*कोरकूत लिहिल्याने मराठी कच्ची राहते का?*
नाही. आपल्या भाषेत मुद्दे आधी मांडले की दुसऱ्या भाषेत काय म्हणायचे ते पक्के असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. कोरकूची नातलग संथाली. तिचा विकिपीडिया २०१८ पासून तिच्या स्वतःच्या ओल चिकी लिपीत सुरू आहे.

*शिक्षकाला संगणकाचे फार ज्ञान लागते का?*
व्हॉट्सॲपवर मराठी टाईप करता येत असेल तर ब्लॉग काढता येतो. विकिपीडियासाठी खाते उघडून आधी स्वतः महिनाभर छोट्या दुरुस्त्या कराव्यात, मग पोरांना न्यावे.